एकांताचीं पांच वर्षें



आपल्या या शहराभोंवतालचे डोंगर एकांताचे जुने साक्षी आहेत. अजिंठ्याच्या विहारांत भिक्षु पावसाळ्याचे महिने एका जागीं राहून चिंतनांत घालवीत. शूलिभंजनाच्या टेकडीवर एकनाथांनीं जनार्दनस्वामींच्या आज्ञेनें तप केलें, असें परंपरा सांगते. खुलदाबादेस सूफी संत विसावले आहेत. एकांतावांचून अंतरीं कांहीं पिकत नाहीं, ही गोष्ट या भूमीला कोणीं शिकवावयास नको. आज मला बोलावयाचें आहे तें मात्र ख्रिस्ती धर्मांतील एकांताविषयीं. आणि तोहि डोंगरांतला नव्हे, माणसांनीं भरलेल्या घरांतला.

ख्रिस्ती परंपरेंत एकांताला मोठा मान आहे. येशू आपलें कार्य आरंभिण्यापूर्वीं चाळीस दिवस अरण्यांत राहिला. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस मिसर देशांतील अँथनी नांवाचा साधु एका ओसाड किल्ल्यांत सुमारें वीस वर्षें एकटा राहिला. तो बाहेर आला तेव्हां देहानें खंगलेला किंवा मनानें विटलेला नव्हता, असें त्याचा चरित्रकार अथनेशियस सांगतो. परंतु या सर्वांनीं एकांत आपण होऊन पत्करला होता. ज्याच्यावर तो न मागतां येऊन कोसळतो, त्याचें काय?

या प्रश्नाचें एक उत्तर आपल्या शेजारच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत मिळतें. 1893 सालीं कवि नारायण वामन टिळक आगगाडीनें राजनांदगांवास जात असतां एका गोऱ्या प्रवाशानें त्यांना नवा करार वाचावयास दिला. पुढें 10 फेब्रुवारी 1895 रोजीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्या वेळीं सुमारें सत्तावीस वर्षांच्या होत्या आणि मुलगा दत्तू अवघा तीनचार वर्षांचा होता.

लक्ष्मीबाईंवर हा आघात किती मोठा होता, हें कळण्यासाठीं त्यांचें माहेर पाहिलें पाहिजे. नाशिकजवळील जलालपूरच्या गोखल्यांच्या घरांत त्या वाढल्या. त्यांच्या वडिलांचें सोंवळें इतकें कडक, कीं बाजारचा जिन्नस धुतल्यावांचून घरांत यावयाचा नाहीं. स्पर्शाची भीति अशी बाळपणापासून अंगांत मुरलेली. आणि आतां पतीच अस्पृश्य झाला! पति जिवंत आहे, त्याचीं पत्रें येत आहेत. पण त्याच्या हातचें पाणी चालत नाहीं. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन आप्तांच्या आश्रयानें राहूं लागल्या. त्यांतला कांहीं काळ पंढरपुरांत गेला. भोंवतीं माणसांची वर्दळ होती, आणि तरीहि त्या पूर्णपणें एकट्या होत्या. शाळेचें तोंड न पाहिलेल्या या बाईची कविता याच दुःखांतून वाहूं लागली.

पुढें त्या अहमदनगरास आल्या. परंतु पतीजवळ येणें म्हणजे पतीचा धर्म घेणें नव्हे, हें त्यांनीं आचरणानें दाखविलें. त्यांनीं आपला स्वयंपाक निराळा ठेवला, सोंवळें सोडलें नाहीं. टिळकांनींहि सक्ती केली नाहीं. मग एके दिवशीं एकट्या विचार करीत असतां त्यांच्या मनांत प्रश्न उठला: हे जातिभेद देवानें केले कीं माणसांनीं? हा प्रश्न कोणा मिशनऱ्यानें विचारलेला नव्हता. तो त्यांचा त्यांनाच सुचला. त्याचें उत्तरहि त्यांनींच शोधलें, आणि त्या दिवसापासून स्पर्शाची भीति गळून पडली. 1900 सालीं राहुरी येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. मधें पांच वर्षें लोटलीं होतीं.

येथें एक सावधगिरीची सूचना करणें मला अवश्य वाटतें. फळ गोड आलें म्हणून आघाताचें स्तोत्र माजवूं नये. टिळकांच्या निर्णयाची किंमत प्रथम लक्ष्मीबाईंनीं आणि त्या अजाण मुलानें मोजली. ‘स्मृतिचित्रें’ या 1934 पासून क्रमाक्रमानें प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत त्यांनीं पतीचा थोरपणा सांगितला आहे, तसा त्याचा तापट स्वभावहि झांकलेला नाहीं. आणि तोहि हंसत हंसत सांगितला आहे. एकांतानें त्यांना कडवटपणा दिला नाहीं, पण आंधळेपणाहि दिला नाहीं.

मग त्या एकांतानें दिलें तरी काय? पुढील आयुष्य हेंच त्याचें उत्तर. जिला परक्याच्या स्पर्शाचा धाक होता, तिनें अनाथ मुलें घरांत घेऊन वाढविलीं. टिळकांनीं 1917 सालीं संन्यास घेऊन ‘देवाचा दरबार’ स्थापिला आणि 1919 सालीं ते निवर्तले. त्यांचें ‘ख्रिस्तायन’ हें महाकाव्य अपुरें राहिलें होतें. त्याला लक्ष्मीबाईंनीं चौसष्ट अध्यायांची भर घातली. 1936 सालीं त्या वारल्या, आणि 1938 सालीं तो ग्रंथ प्रसिद्ध झाला.

एकांताची खरी कसोटी हीच आहे, कीं त्यांतून परतलेला मनुष्य लोकांच्या जवळ येतो कीं त्यांच्यापासून दूर जातो. आपल्या डोंगरांतील भिक्षूहि पावसाळा संपतांच लेणें सोडून भिक्षापात्र घेऊन गांवाकडे उतरत. लक्ष्मीबाईंचा पावसाळा पांच वर्षांचा होता; पण तो सरल्यावर त्याहि गांवांतच उतरल्या.