ऑरगॅनिक मॅप्स
ऑरगॅनिक मॅप्स हे अँड्रॉइड व आयओएस प्रणालींवर चालणारे मुक्तस्रोत नकाशा-अ‍ॅप आहे. मॅप्स.मी या अ‍ॅपच्या खुल्या स्रोतसंहितेपासून ते विकसित झाले व २०२१ साली उपलब्ध झाले. त्यात जाहिराती नाहीत, खाते उघडावे लागत नाही आणि वापरकर्त्याचा माग ठेवला जात नाही. नकाशा आधी उतरवून घेतल्यास मार्गशोध फोनमध्येच होतो; मावळातील लोहगड, राजमाची अशा भटकंतीत नेटवर्क नसताना हे विशेष उपयोगी ठरते. नकाशाची माहिती ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवी प्रकल्पातून येते. त्यामुळे वराळे गावची एखादी पायवाट कोणी नोंदवलेलीच नसेल, तर ती अ‍ॅपमध्येही दिसत नाही. वाहतूककोंडीची तत्कालीन माहितीही मिळत नाही. अशी माहिती बहुधा इतरांच्या फोनची ठिकाणे गोळा करूनच तयार होते.