‘कॉन’ नावाचं फोल्डर

एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम २००१ साली सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई अशा गावांत बसस्थानकाच्या आसपास, झेरॉक्सच्या दुकानावरच्या मजल्यावर कॉम्प्युटर क्लास दिसू लागले. या क्लासांत पुस्तकात नसलेला एक धडा हमखास व्हायचा. नवीन फोल्डर घ्या, त्याला इंग्रजीत सी-ओ-एन एवढंच नाव द्या आणि एंटर मारा. नाव बसायचं नाही. विंडोज एक्सपीवर तर फोल्डर काही न बोलता पुन्हा ‘न्यू फोल्डर’ होऊन बसायचं. मग कुणीतरी सांगायचं की हा शोध एका भारतीयाने लावला आणि मायक्रोसॉफ्टच्या सगळ्या टीमलाही त्याचं कारण सांगता आलेलं नाही. दुसरी कथा आणखी रंगतदार होती. बिल गेट्सला लहानपणी याच नावाने चिडवायचे, म्हणून त्याने ते कायमचं बंद करून टाकलं! ईमेलमधून फिरलेली ही कथा ऑर्कुटवर गेली, तिथून व्हॉट्सॲपवर आली आणि अजून मेलेली नाही.

गंमत अशी की उत्तर त्याआधीच्या कॉम्प्युटर क्लासांच्या जुन्या वह्यांत लिहिलेलं होतं. विंडोज येण्याआधी डॉस शिकवायचे, तेव्हा पहिल्या आठवड्यातच ‘कॉपी कॉन’ यायचं. ‘कॉपी कॉन’, पुढे फाइलचं नाव, मग मजकूर टाइप करायचा, शेवटी एफ-६ किंवा कंट्रोल-झेड आणि मग एंटर दाबलं की फाइल तयार. इथे कॉन म्हणजे कन्सोल, म्हणजेच कळफलक आणि पडदा. ‘कळफलकावरून जे येईल ते या फाइलमध्ये उतरव’ एवढाच त्या आज्ञेचा अर्थ. डॉसच्या लेखी कॉन ही आधीपासून असलेली फाइल होती. मग त्याच नावाचं फोल्डर कसं बनणार? पण आज्ञा पाठ होती, अर्थ कुणी विचारला नव्हता, आणि जिथे अर्थ विचारला जात नाही तिथे दंतकथा फार लवकर मूळ धरते.

मागे जायचं तर १९७४ सालापर्यंत जावं लागतं. गॅरी किल्डॉलने छोट्या संगणकांसाठी सीपी/एम ही प्रणाली लिहिली. तिच्यात फाइल इकडून तिकडे हलवणारा ‘पिप’ नावाचा प्रोग्राम होता. हे नाव आणि ही पद्धत डेक कंपनीच्या मोठ्या यंत्रांवरून आली होती, आणि लाइन प्रिंटरसाठीचं एलपीटी हे लघुरूपही डेकच्याच घरचं. पिपला फाइलच्या जागी यंत्राचं नाव दिलेलं चालायचं. कॉन म्हणजे कन्सोल, पीआरएन म्हणजे प्रिंटर, एनयूएल म्हणजे काहीच नाही. हे ‘काहीच नाही’सुद्धा तेव्हा कामाचं होतं. पिपला एनयूएल सांगितलं की ते चाळीस शून्य-अक्षरं पाठवायचं, कारण कागदी पट्टीवर भोकं पाडून माहिती साठवायचे आणि पट्टीच्या टोकाला कोरा भाग सोडावा लागायचा. मात्र सीपी/एमचा एक नियम शहाणपणाचा होता. यंत्राच्या नावापुढे विसर्गासारखी दोन टिंबं, म्हणजे कोलन, द्यावी लागायची. कोलन असेल तर यंत्र, नसेल तर फाइल.

हा शहाणपणा सुटला तो सिएटलमध्ये. टिम पॅटरसनने १९८० साली सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्ससाठी ८६-डॉस लिहिलं, मायक्रोसॉफ्टने १९८१ साली ते विकत घेतलं आणि त्याच ऑगस्टमध्ये आयबीएमच्या पर्सनल कॉम्प्युटरबरोबर ते बाजारात आलं. त्यात कोलनची सक्ती गेली. नुसतं कॉन लिहिलं तरी यंत्र. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे नावामागचं शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, बघायचंच नाही असं ठरलं. कारण पटण्यासारखं होतं. असेंब्लर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्रभाषेत उतरवणारा प्रोग्राम, आपण दिलेल्या नावाला स्वतःहून शेपूट जोडायचा. त्याने काढलेली यादी (लिस्टिंग) नको म्हणून तिच्या नावाच्या जागी एनयूएल लिहिलं, तर तो एनयूएल.एलएसटी नावाची फाइल करून मोकळा व्हायचा. शेपटाकडे दुर्लक्ष केलं की ही अडचण मिटायची. त्या वेळी फ्लॉपीवर एकच सपाट यादी असायची, फोल्डर नव्हतेच, त्यामुळे पाच-सहा नावं राखून ठेवली तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

फोल्डर आले १९८३च्या मार्चमध्ये, डॉस २.० बरोबर. माझ्या मते सगळ्या कहाणीतला चुकलेला क्षण तो हा. युनिक्समध्ये यंत्रांच्या फाइली ‘डेव्ह’ नावाच्या एकाच डिरेक्टरीत बसवण्याची रीत होती, आणि डॉस २.० करणाऱ्यांना ती माहीत होती. कॉन्फिग फाइलमध्ये ‘अव्हेलडेव्ह’ नावाची एक फारशी न सांगितलेली ओळ घातली की यंत्रं फक्त त्या डिरेक्टरीतच दिसायची. पण सुरुवातीपासून तसं केलं असतं तर दोन वर्षांत लिहिलेले जुने प्रोग्राम आणि बॅच फाइली अडल्या असत्या. म्हणून ती ओळ ऐच्छिक राहिली आणि कॉन, पीआरएन, ऑक्स, एनयूएल, कॉम१, एलपीटी१ ही मंडळी प्रत्येक फोल्डरमध्ये न दिसता राहायला आली. मराठवाड्यात इनामं खालसा होऊन पिढ्या लोटल्या तरी जुन्या कागदावर इनामाची नोंद निघते आणि खरेदी अडते, तसं हे झालं. यंत्र गेलं, नोंद राहिली.

नोंदीने पुढे त्रासही दिला. विंडोज ९५ आणि ९८ वर फाइलच्या एखाद्या मार्गात, म्हणजे पाथमध्ये, कॉन हे नाव दोनदा लागोपाठ आलं की संगणक निळा पडदा दाखवून कोसळायचा. वेबपानातल्या चित्राच्या पत्त्यात तेवढं लिहिलं तरी पुरे. मायक्रोसॉफ्टने मार्च २००० मध्ये त्यावर दुरुस्ती काढली. म्हणजे आपल्याकडच्या क्लासांत ‘कुणालाच माहीत नाही’ असं सांगितलं जात होतं, त्याच्या आधीच हे मायक्रोसॉफ्टच्या जाहीर सूचनापत्रात येऊन गेलं होतं.

आपल्याकडे याचा खरा फटका कॉनपेक्षा पीआरएनमुळे बसतो. बीड जिल्ह्यातली महाविद्यालयं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली, आणि तिथे, महाराष्ट्रातल्या इतर अनेक विद्यापीठांप्रमाणेच, प्रत्येक विद्यार्थ्याला कायमचा नोंदणी क्रमांक असतो. त्याला सगळे पीआरएनच म्हणतात. परीक्षा अर्जाच्या दिवसांत कार्यालयातला लिपिक क्रमांकांची यादी करतो आणि एक्सेल फाइलचं नाव बदलून सहज ‘पीआरएन’ करायला जातो. शेपूट बघायचं नाही हा १९८०चा नियम आडवा येतो आणि निर्दिष्ट उपकरणाचं नाव अवैध असल्याचा इंग्रजी संदेश येतो. कोणतं उपकरण? समोर प्रिंटर तर बंद आहे. नावात वर्ष किंवा वर्ग घातला की काम होतं, पण का झालं ते कळत नाही.

ऑपरेटिंग सिस्टिमने न सोडवलेला हा गुंता मग प्रोग्रामिंगच्या भाषांवर आला. लिनक्सवर बसून लिहिलेला प्रोग्राम विंडोजवर चालवायचा तर दिलेलं नाव राखीव आहे का हे आधी तपासावं लागतं. कारण साधं आहे. बाहेरून आलेल्या फाइलचं नाव कॉम१ असेल, तर प्रोग्राम फाइल उघडण्याऐवजी त्या नावाच्या सिरियल पोर्टकडे डोळे लावून बसेल. पायथनने मार्च २०१४ च्या ३.४ आवृत्तीत पाथलिब ही लायब्ररी दिली, तिच्यात ‘इज-रिझर्व्ह्ड’ हा प्रश्न विचारायची सोय पहिल्या दिवसापासून होती. रस्ट भाषेला हे अनुभवातून कळलं. २०१७ साली कुणीतरी तिच्या सार्वजनिक भांडारात एनयूएल नावाचं पॅकेज चढवलं. भांडाराची अनुक्रमणिका म्हणजे पॅकेजच्या नावांच्या फाइली. झालं, विंडोजवाल्यांना ती उतरवून घेता येईना आणि त्यांचं काम अडलं.

गो भाषेची गोष्ट मला सगळ्यांत बोलकी वाटते. २०२३च्या फेब्रुवारीत तिच्या फाइलपाथ लायब्ररीत ‘इज-लोकल’ हे फंक्शन आलं. मार्ग ठरलेल्या डिरेक्टरीतच राहतो ना, राखीव नावाकडे वळत नाही ना, हे ते सांगतं. नोव्हेंबरमध्ये त्यातली चूक सुरक्षा-दोष म्हणून दुरुस्त करावी लागली. कॉम१ नंतर एक मोकळी जागा सोडली तर ते फसत होतं. शिवाय विंडोज घातांकासारख्या वर चढवलेल्या ¹, ², ³ या तीन अंकांनाही साधे अंक मानतं, हे यादीत नव्हतं. देवनागरी १ ला मात्र विंडोज तो मान देत नाही, त्यामुळे रोमन अक्षरांपुढे मराठी अंक लिहिलात तर फाइल बिनदिक्कत बनते. २०२५च्या जुलैमध्ये नोड.जेएसलाही याच कुळातल्या दोषावर दुरुस्ती काढावी लागली.

मधल्या काळात विंडोज ११ने काही नियम सैल केले, म्हणजे तपासणाऱ्यांचं काम आणखी वाढलं. पायथनने ऑक्टोबर २०२४च्या ३.१३ आवृत्तीत ही तपासणी ओएस-पाथमध्ये नव्याने लिहिली आणि उत्तर अंदाजाचं आहे, नियम विंडोजच्या आवृत्तीप्रमाणे बदलतात, असं तिच्या माहितीतच स्पष्ट सांगून टाकलं. पाथलिबमधली जुनी तपासणी ३.१५ मध्ये काढायचं ठरलं आहे. तेव्हा तुमच्या प्रोग्राममध्ये ती असेल तर आताच बदलून घ्या, आणि कार्यालयातल्या यादीला ‘पीआरएन’ एवढंच नाव देऊ नका.