पेस्तुमचे रेखापट : एका विद्यार्थ्याने केलेले प्राचीनतेचे वाचन

एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच वास्तुविद्यार्थ्याच्या दृष्टीने रोम हे त्याच्या शिक्षणाचे अखेरचे पर्व होते. कोल्बेरच्या पुढाकाराने १६६६ मध्ये रोम येथे फ्रेंच अकादमी स्थापन झाली आणि १८०३ पासून व्हिला मेदिची हे तिचे निवासस्थान ठरले. पॅरिसच्या एकोल दे बोझारमधील स्पर्धेत ‘ग्राँ प्री’ मिळविणारा विद्यार्थी शासनाच्या खर्चाने तेथे राही आणि दरवर्षी ठरावीक काम पॅरिसला पाठवी. आरंभीच्या वर्षांत प्राचीन अवशेषांच्या भागांची मोजमापे व रेखाटने. चौथ्या वर्षी एखाद्या भग्न वास्तूची ‘पुनर्रचना’, म्हणजे ती मूळ अवस्थेत कशी असेल याचे कल्पनाचित्र. हा प्रवास होता खरा, पण काय पाहावे आणि ते कसे पाहावे हे बऱ्याच अंशी आधीच ठरलेले असे.

आँरी लाब्रुस्त याला हे पारितोषिक १८२४ मध्ये मिळाले. चौथ्या वर्षाच्या कामासाठी त्याने दक्षिण इटलीतील पेस्तुमची तीन डोरिक मंदिरे निवडली. पेस्तुम ही मूळची पोसेदोनिया नावाची ग्रीक वसाहत. ओबडधोबडाकडून सुबकतेकडे असा विकासक्रम धरून तेथील तथाकथित ‘बॅसिलिका’ सर्वांत जुनी आणि नेपच्यूनचे मंदिर परिपक्व मानण्याचा प्रघात होता. लाब्रुस्तने हा क्रम उलटा केला. वसाहतकार मायदेशाच्या आठवणी ताज्या असताना नेपच्यूनचे मंदिर बांधतात. पुढे स्थानिक दगड, स्थानिक गरजा आणि नवे समाजजीवन यांच्या दबावाखाली रूप बदलत जाते आणि ‘बॅसिलिका’ ही देवालय न राहता नागरिकांच्या सभेची जागा होते, असे त्याचे प्रतिपादन होते. तिच्या भिंतींवर त्याने ढाली आणि लेख रेखाटले. प्रमाण संहितेच्या कडेला वापरणाऱ्यांनी केलेल्या नोंदीही संहितेचाच भाग मानाव्यात, तशातला हा प्रकार.

आजच्या पुरातत्त्वाच्या कसोटीवर लाब्रुस्त चुकला होता. ‘बॅसिलिका’ हे इ. स. पू. सहाव्या शतकाच्या मध्याचे हेराचे मंदिर, म्हणजे तिघांतले सर्वांत जुने. नेपच्यूनचे म्हणून ओळखले जाणारे मंदिर त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी उभे राहिले. तथापि वादाचा गाभा कालनिर्णयाचा नव्हता. अकादमीचे कायम सचिव कात्रमेर द कँसी यांच्या विचारविश्वात ग्रीक वास्तुरूप हा कालातीत आदर्श होता. वसाहतीत जाऊन तो आदर्श बदलतो, आणि हा बदल ऱ्हास नसून त्या भूमीचे स्वत्व असू शकते, हे एका शिष्यवृत्तीधारकाने सुचवावे ही साधी बाब नव्हती. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला हा पेच परका वाटू नये. स्थलांतरित रूपाला मूळ रूपाची निकृष्ट प्रत समजण्याची सवय आपल्या शास्त्रालाही दीर्घकाळ होतीच. पॅरिसमधून कठोर टीका झाली. रोममधील संचालक, चित्रकार ओरास व्हेर्ने, यांनी मात्र लाब्रुस्तची बाजू घेतली.

पाचव्या वर्षी त्याने पाठविलेला आराखडा फ्रान्स आणि इटली यांना जोडणाऱ्या पुलाचा होता. प्रतिस्पर्ध्यांवर मात करण्यासाठी शिकलेल्या भव्यतेऐवजी सीमेवरचा साधा पूल निवडणे हेही एक विधानच म्हटले पाहिजे.

१८३० मध्ये परतल्यावर लाब्रुस्तने स्वतःची कार्यशाळा उघडली. तेथील विद्यार्थ्यांना वरचे पारितोषिक दीर्घकाळ दुर्मीळच राहिले. याच काळात व्हिक्टर ह्यूगो ‘नोत्र-दाम द पारी’च्या १८३२ च्या आवृत्तीत मुद्रित ग्रंथ वास्तुकलेचा घात करील हे प्रतिपादणारे प्रकरण घालत होता, त्यासाठी त्याने लाब्रुस्तचा सल्ला घेतला होता, हे नील लेव्हीन यांच्या संशोधनाने पुढे आणले. या चिंतेचा विचार पुढे दगडातच झाला. सेंत-झन्व्हिएव्ह ग्रंथालयाच्या (बांधकाम १८४३-५०) दर्शनी भिंतीवर लाब्रुस्तने मोझेसपासून बर्झेलियसपर्यंत ८१० ग्रंथकारांची नावे कालक्रमाने कोरविली. आत पोलादी नव्हे, ओतीव लोखंडाचे सडपातळ खांब. बाहेर मात्र भिंतच सूचीपत्र झाली. ‘बॅसिलिके’च्या भिंतींवरील लेख रेखाटणाऱ्या हाताचीच ही पुढची कृती.

१८६७ मध्ये अकादमीने त्याला सदस्यत्व दिले. पेस्तुमचे रेखापट मात्र त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १८७७ मध्ये, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.