सारण आपले, पाव कोणाचा?

कोकणातल्या स्वयंपाकघराचा इतिहास लिहू पाहणाऱ्यापुढे एक कोडे सुरुवातीलाच उभे राहते. मिरची, बटाटा, काजू, अननस, भुईमूग या सर्वांचे मूळ घर अमेरिका खंडात. पोर्तुगीजांनी पूर्वेचा सागरी मार्ग खुला केल्यानंतरच ही मंडळी आपल्या किनाऱ्यावर उतरली. बटाटा, काजू, अननस ही नावेदेखील आपण पोर्तुगीजांच्याच तोंडून उचलली. आज मिरचीवाचून मालवणी मसाल्याची कल्पना करता येत नाही आणि काजूवाचून सिंधुदुर्गाच्या अर्थकारणाची. बटाटा आणि शेंगदाणा यांनी तर याहून मोठी मजल मारली. एकादशीच्या फराळात, जिथे आपल्या शेतातला तांदूळ वर्ज्य, तिथे या परदेशस्थांना मानाचे पान मिळाले.

पावाची हकीकत मात्र नेमकी उलटी. पाव गव्हाचा. गहू आपल्याला परका नाही. ‘गोधूम’ हा शब्द संस्कृत वाङ्मयात पुरेसा जुना आहे. तरीही मिरची खाल्ली म्हणून कोणी बाटल्याचे ऐकिवात नाही आणि पाव खाल्ला म्हणून वाळीत पडलेल्यांच्या कथांनी कोकण-गोव्याची लोकस्मृती भरलेली आहे. परका पदार्थ पवित्र आणि परिचित धान्याचा पदार्थ अपवित्र, असा हा उफराटा न्याय कशामुळे झाला असावा? कुडाळसारख्या गावात आज घरोघरी मऊ, आत तिखट सारण भरलेले पाव भाजले जात असताना हा प्रश्न विचारणे आम्हाला अगत्याचे वाटते.

आमच्या मते याचे उत्तर त्या पदार्थांच्या येण्याच्या रीतीत आहे. मिरची बी होऊन आली, बटाटा कंद होऊन आला. ते आपल्या मातीत रुजले, आपल्या विहिरीच्या पाण्यावर वाढले आणि आपल्याच घरातल्या बाईने ते पाट्यावर वाटले, चुलीवर शिजवले. पाव आला तो मात्र शिजून. त्याचे पीठ दुसऱ्याने भिजवलेले, पाणी दुसऱ्याचे, विस्तव दुसऱ्याचा. सोवळ्याओवळ्याच्या शास्त्रात कोरडे धान्य कोणाकडूनही घेता येते. पाणी लागून अग्नीवर चढलेले अन्न मात्र ज्याच्या हातचे, त्याच्या जातीचे होऊन बसते. विटाळ गव्हात नव्हता आणि आंबवण्यातही नव्हता. तो पीठ मळणाऱ्या हाताचा मानला गेला.

हा हात इतिहासात कोणाचा होता, हे पाहू. १५१० साली गोवा बेट पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले आणि १५४३ साली बारदेश व साष्टी हे तालुके. भाताच्या या मुलखात गव्हाचा पाव ही राज्यकर्त्यांची रोजची गरज होती. पीठ फुगवण्यासाठी युरोपातले किण्व इथे मिळेना, तेव्हा माडाची सूर त्या कामी आली. साष्टीतल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ही कला जेझुइटांकडून घेतली असे सांगितले जाते. पोर्तुगीज शब्दावरून त्यांना ‘पोदेर’ हे नाव मिळाले. उंडो, पोयो, कातऱ्यांचा पाव, काकणां हे सारे गोत्र त्याच भट्ट्यांमधले. पुढे गोव्यातली माणसे मुंबईत गेली, तेव्हा पावही बरोबर गेला. मुंबईत त्यांना ‘माकापाव’ असे हिणवले जाई. एका समाजाचे नावच त्याच्या भाकरीवरून पाडावे, इतका हा पदार्थ आणि तो भाजणारा हात लोकांच्या मनात एक झालेला होता.

कुडाळ या सीमेपासून फार दूर नाही. गाव सावंतवाडी संस्थानात होते. संस्थानाचे विलीनीकरण १९४८ साली झाले. मधला पेडणे महाल १७८८ साली सावंतांकडून पोर्तुगीजांकडे गेला. पण बारदेशात झाली तशी सार्वत्रिक धर्मांतरे तोवर थांबलेली असल्याने तो बहुतांशी हिंदूच राहिला. म्हणजे पाव खाणारा बारदेश आणि भाकरी खाणारे कुडाळ यांच्यामध्ये एक पट्टा होता. त्यातून माल येई, माणसे येत, नातीगोती येत. पाव मात्र पुष्कळ काळ दाराबाहेर थांबे.

विहिरीत पावाचा तुकडा टाकून गावेच्या गावे बाटवल्याची कथा वसईपासून गोव्यापर्यंत सांगितली जाते. धर्मांतरांचा खरा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. त्यात राजसत्तेचे कायदे आहेत, जमिनीचे हितसंबंध आहेत आणि १५६० साली स्थापन झालेले धर्मन्यायालयही आहे. पण ही कथा खरी किती, यापेक्षा ती लोकांना पटली का, हा प्रश्न आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. विहिरीत पडलेल्या तुकड्याने पाणी पिणाऱ्याचा विश्वास बदलत नाही. बदलते ती शेजारच्या गावाची वागणूक. पाव टाकणारा परका असेल; पण त्या पाण्यावरून माणसांना कायमचे बाहेर काढणारे स्वकीयच. परक्याच्या दुष्टाव्याची म्हणून सांगितली जाणारी ही कथा आपल्याच निर्दयतेची साक्ष देते.

एकोणिसाव्या शतकातल्या सुधारकांनी हे अचूक ओळखले होते. आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांना १८४३ साली श्रीपत शेषाद्री या मुलाच्या प्रकरणात हाच सामना करावा लागला. मुलाने ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला नव्हता. तो मिशनऱ्यांच्या घरी राहिला-जेवला होता, एवढेच. तेवढ्यावरून त्याला परत घ्यावे की नाही यावर मुंबईत रण माजले. बाळशास्त्री प्रायश्चित्त देऊन त्याला घेण्याच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांनी सनातन्यांचा रोष पत्करला.

त्यानंतर सहा वर्षांनी, १८४९ साली, दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी मुंबईत परमहंस सभा स्थापन केली. सभेत येणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. हा विधी साहित्याच्या अभ्यासकांनी नीट वाचावा असा आहे. जातिभेदाविरुद्ध प्रतिज्ञापत्र लिहून घेणे सोपे होते. सभेने त्याऐवजी घास मागितला. प्रतिज्ञा नाकारता येते, गिळलेला घास नाकारता येत नाही. पण हा विधी गुप्त होता, ही त्याची मर्यादा. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे उघड झाली आणि सभा विखुरली. बंद दाराआड खाल्लेल्या पावात दार उघडण्याचे बळ नव्हते.

१८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे पुढे आली, तेव्हा टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांनाही पुढे ग्रामण्याला व प्रायश्चित्ताच्या वादाला तोंड द्यावे लागले. बिस्किट म्हणजे पावाचेच धाकटे भावंड. अपराधही तोच, परक्या हातचे खाण्याचा. पुढे शेजारच्या रत्नागिरीत १९२४ ते १९३७ या स्थानबद्धतेच्या काळात सावरकरांनी ज्या सात बेड्या तोडायला सांगितल्या, त्यांतल्या एकीचे नाव ‘रोटीबंदी’. याच काळात, १९३६ साली, डॉ. आंबेडकरांनी जातिनिर्मूलनावरच्या आपल्या निबंधात सहभोजनाची मर्यादा दाखवून दिली. एकत्र जेवल्याने जातीची भावना मरत नाही, खरा उपाय आंतरजातीय विवाह, असे त्यांचे प्रतिपादन होते. ‘रोटी-बेटी व्यवहार’ या आपल्या जोडशब्दातला पहिला शब्द सुटला तरी दुसरा घट्ट राहू शकतो, हे त्यांनी पाहिले होते.

पावाबाबत शास्त्रार्थाने जे साधले नाही, ते गिरणीच्या भोंग्याने साधले. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून आणि सावंतवाडीकडून मुंबईला गेलेला चाकरमानी पाळीच्या वेळा सांभाळत चहाबरोबर पाव खाऊ लागला. तो पाव कोणी भाजला, हे विचारायला त्याला सवड नव्हती. खानावळीत पंगत जातीची असली तरी रस्त्यावरच्या टपरीला जात विचारणे अवघड होते. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर वडा पावात शिरला असे सांगितले जाते. आम्हाला त्यातली सामग्री पाहून गंमत वाटते. बटाटा परका, मिरची परकी, पाव परका; आणि या तिघांचा मिळून झालेला पदार्थ मराठी माणसाची ओळख म्हणून मिरवतो.

गावाकडे हा बदल सावकाश पोहोचला. कुडाळचे नाव मराठी साहित्यात चिं. त्र्यं. खानोलकरांमुळे, म्हणजेच आरती प्रभूंमुळे, विशेष जवळचे आहे. मुंबईला जाण्यापूर्वी त्यांनी याच गावात खानावळ चालवली. आलेल्या वाटसरूला आपल्या हातचे वाढणे हा धंदा असलेल्या घरातून आपल्या भाषेला एक थोर कवी मिळाला, हे आम्हाला विसरता येत नाही. चाकरमानी गणपतीला येताना खारी, बटर, टोस्ट बांधून आणी. बाजारपेठेतल्या बेकरीचा पाव न्याहारीला रुळला. तरीही बराच काळ पाव विकतच आणायचा, अशी समजूत होती. भाकरी घरची, पाव बाहेरचा.

वास्तविक घरी पाव करायला लागणारे ज्ञान या घरांत नव्हते असे नाही. पीठ रात्रभर आंबवणे वड्यांनी आणि आंबोळ्यांनी शिकवलेले होते. खाली विस्तव आणि वर झाकणावर निखारे ठेवून भाजणे काकडीच्या धोंडसाने शिकवलेले होते. ती आपली घरगुती भट्टीच. उणीव होती ती पिठाची. तांदळाच्या आणि नाचणीच्या पिठात ग्लुटेन नसते, त्यामुळे आंबताना सुटणारा वायू धरून ठेवणारी जाळी त्यात तयार होत नाही. ती गव्हाच्या पिठातच होते. मैदा, कोरडे यीस्ट आणि लहान विजेचा ओव्हन सहज मिळू लागल्यावर घरच्या पावाला अडथळा उरला नाही. २०२० च्या टाळेबंदीत तर अनेक घरांनी पहिल्यांदाच हे करून पाहिले.

कृती साधी आहे. अर्धा किलो मैद्याला सुमारे सात ग्रॅम यीस्ट, मीठ, किंचित साखर, थोडे लोणी आणि तीनशे मिलिलिटरच्या आसपास कोमट दूध-पाणी. पीठ ताणले असता तुटू नये, इतके मळायचे. आमच्या उकाड्यात ते तासाभरात दुप्पट होते. सारण सुकटीचे करा, खिम्याचे करा, ओल्या काजूचे किंवा उकडलेल्या बटाट्याचे. पण ते कोरडे आणि पूर्ण निवलेले हवे. ओल्या सारणाने तळ चिकट राहतो आणि गरम सारणाने यीस्ट मरते. म्हणून नेहमीचे पातळ वाटप इथे उपयोगाचे नाही. खोबरे खरपूस भाजून कोरडेच घालावे. मोदकाच्या पारीसारखी पारी करून, तोंड मिटून, ती बाजू खाली ठेवायची. पुन्हा फुगू द्यायचे, वरून दुधाचा हात फिरवायचा आणि दोनशे अंश सेल्सिअसवर पंधरा ते वीस मिनिटे भाजायचे. भरल्या वांग्यांच्या आणि मोदकांच्या मुलखात भरला पाव परका वाटण्याचे कारण नाही.

इथे आमचा मूळ प्रश्न परत येतो. मिरची कच्ची आली म्हणून सुटली आणि पाव शिजून आला म्हणून अडकला, असे आम्ही म्हटले. आज पावही मैद्याच्या आणि यीस्टच्या पाकिटांतून कच्चा येतो व आपल्या हातांनी शिजतो. याचा एक अर्थ आनंदाचा आहे: चारशे-पाचशे वर्षे दारात थांबलेला पाहुणा स्वयंपाकघरात आला. दुसरा अर्थ मात्र मन साशंक करणारा आहे. पाव आत आला तो पोदेराला वगळून. ‘घरचा आहे, स्वच्छ आहे, बेकरीत कोण कसे मळते कोण जाणे’ हे वाक्य आपण सहज बोलून जातो. बेकरीत पीठ पायांनी तुडवतात ही जुनी अफवा आणि हे नवे वाक्य यांत किती अंतर आहे? आरोग्याची काळजी रास्तच. पण तीच काळजी मिठाईच्या दुकानाबाबत आपण तितक्या तत्परतेने दाखवतो का, हे ज्याचे त्याने तपासावे. सोवळ्याचा शब्द गेला आणि त्याच्या जागी स्वच्छतेचा शब्द आला, असे तर झाले नाही ना?

घरी पाव भाजू नये असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. ज्या घरात वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या आंबवण्याला नाक मुरडले गेले, त्या घरातल्या मुलीने पहाटे उठून तेच आंबवणे करावे, यात मोठी शिकवण आहे. मळताना खांदे भरून येतात तेव्हा पोदेराच्या श्रमाची किंमत कळते. आमचे म्हणणे एवढेच की परमहंस सभेने पावाच्या तुकड्यात जी कसोटी ठेवली होती, ती घरच्या ओव्हनमध्ये आपोआप उतीर्ण होत नाही. ती कसोटी आपण काय खातो याची कधीच नव्हती; कोणाच्या हातचे खातो आणि आपल्या हातचे कोणाला वाढतो, याची होती. कुडाळच्या घरात भाजलेला भरला पाव नाताळात ख्रिस्ती शेजाऱ्याकडे जावा आणि त्याच्या घरून आलेले ताट आपल्याकडे कौतुकाने, न हुंगता, रिकामे व्हावे. असे घडले तरच तो पाव आपला झाला असे आम्ही मानू.