नवी मुंबईत परदेशी पदवी मिळेल, पण परदेश मिळेल का?

खारघर, उलवे, पनवेलमधल्या घरांत बारावीनंतरच्या चर्चेत आता एक नवा पर्याय आला आहे. ब्रिटन किंवा अमेरिकेतल्या विद्यापीठाची पदवी घ्यायची, पण घर न सोडता. ऐकायला सोपं वाटतं. मात्र ‘परदेशी शिक्षण’ या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी असतात: एक पदवी आणि दुसरं तिथलं राहणं. यातली पहिलीच नवी मुंबईत येते आहे.

नेमकं काय येणार आहे?

१४ जून २०२५ रोजी मुंबईतल्या कार्यक्रमात पाच परदेशी संस्थांना इरादापत्रं देण्यात आली. ब्रिटनमधली अ‍ॅबरडीन आणि यॉर्क विद्यापीठं, युनिव्हर्सिटी ऑफ वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, अमेरिकेची इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची डिझाइन शिकवणारी आयईडी. नवी मुंबई विमानतळाजवळ सिडको उभारत असलेल्या एज्युसिटीच्या योजनेचा हा भाग आहे. इरादापत्र म्हणजे तयार इमारत नव्हे. ते मिळाल्यावर संस्थेला तयारी करून अंतिम मंजुरी घ्यावी लागते.

याला आधार आहे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, नोव्हेंबर २०२३च्या नियमांचा. त्यानुसार इथल्या शाखेची पदवी मूळ विद्यापीठाच्याच नावाने मिळते आणि तिचा दर्जा तिथल्या पदवीइतकाच मानला जातो. ऑनलाइन शिकवणं अभ्यासक्रमाच्या १० टक्क्यांपुरतंच चालतं. फ्रँचायझी काढायला परवानगी नाही. फी किती घ्यायची हे विद्यापीठ ठरवतं, पण फी, जागा आणि पैसे परत करण्याचे नियम प्रवेश सुरू होण्याच्या किमान ६० दिवस आधी वेबसाइटवर टाकणं बंधनकारक आहे.

मग काय येणार नाही?

सगळ्यात आधी व्हिसा. ब्रिटनमध्ये पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी मिळणारा ‘ग्रॅज्युएट व्हिसा’ हा तिथे स्टुडंट व्हिसावर राहून शिकलेल्यांसाठी आहे. (बहुतेक पदवीधरांसाठी त्याची मुदत १ जानेवारी २०२७पासूनच्या अर्जांना दोन वर्षांऐवजी १८ महिने होणार आहे.) अमेरिकेतली ओपीटी तिथे एफ-१ व्हिसावर शिकणाऱ्यांनाच मिळते. ऑस्ट्रेलियातही पदवीनंतरच्या व्हिसासाठी तिथे राहून शिकल्याची अट आहे. नवी मुंबईच्या शाखेत शिकून यातलं काही आपोआप मिळत नाही. ‘तिकडेच सेटल व्हायचंय’ असं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी फीच्या आधी हे बघावं.

दुसरी गोष्ट कागदावर दिसत नाही. अ‍ॅबरडीनला डिसेंबरात दुपारी साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो. हॉस्टेलमध्ये पाच-सहा जणांत एक किचन असतं आणि फोडणी दिली की स्मोक अलार्म वाजतो. प्राध्यापकांना नावाने हाक मारायची असते. आपल्याकडे वर्गात गप्प बसणं म्हणजे आदर, तिथे गप्प बसलं तर तयारी केली नाही असं धरतात. पुस्तकातला परिच्छेद जसाच्या तसा उतरवला तर थेट चौकशी होऊ शकते. कुणाच्या घरी न कळवता जायचं नसतं. यातलं एकेक किरकोळ आहे, पण पहिल्या महिन्यात सगळं एकदम अंगावर येतं.

याला ‘कल्चर शॉक’ म्हणतात. हा शब्द मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९५०च्या दशकात रूढ केला. आधी आनंद, मग निराशा, मग हळूहळू सवय, असा त्याचा क्रम इंटरनेटवर सगळीकडे सापडतो. तो सरसकट खरा नाही. १९९८मध्ये कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमधल्या जपानी विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, तेव्हा सर्वाधिक त्रास अगदी सुरुवातीलाच दिसला. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात रडू आलं तर आपलंच काहीतरी चुकतंय असं समजू नये.

मराठी अनुभव काय सांगतो?

१८८३मध्ये आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी फिलाडेल्फियाला गेल्या. त्यांनी शाकाहार सोडला नाही, साडीही सोडली नाही, मात्र थंडीत अंग झाकलं जावं म्हणून ती नेसण्याची पद्धत बदलली. काय सोडायचं आणि काय ठेवायचं हे त्यांनी स्वतः ठरवलं. मार्च १८८६मध्ये त्या डॉक्टर झाल्या, पण तोवर तब्येत ढासळली होती. फेब्रुवारी १८८७मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठाच्या हॉस्टेलचं जेवण रुचेना म्हणून त्यांनी थोड्याच दिवसांत मुक्काम हलवला. पुढे खोलीत सोबत राहिलेले नवल भथेना त्यांचे आयुष्यभराचे मित्र झाले. पण सर्वात मोठा धक्का परतल्यावर बसला. परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य मानले जातो ही जाणीवच पुसली गेली होती, असं त्यांनी पुढे आत्मकथनात लिहिलं. १९१७मध्ये बडोद्याला नोकरीवर गेले तर राहायला जागा मिळेना. पारशी वसतिगृहात नाव बदलून राहावं लागलं आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढलं.

हा फरक नवी मुंबईच्या शाखेत बसून कळणार नाही. परदेशी जाणं म्हणजे काहींसाठी पदवीपेक्षा अंतर महत्त्वाचं असतं: आडनावावरून ओळखणाऱ्या समाजापासून, ‘सातच्या आत घरात’पासून. उलट बाजूही तितकीच खरी आहे. आई-वडिलांची जबाबदारी आहे, कर्ज झेपणार नाही किंवा व्हिसा नाकारला गेला, अशांसाठी लोकलने जाऊन मिळणारी पदवी ही तडजोड नाही. सेमिनार, निबंध, सडेतोड प्रश्न ही वर्गातली सवय त्यांना इथेही लागू शकते, शिकवणारे आणि पद्धत खरोखर तिथली असेल तर.

म्हणून प्रवेशाआधी विद्यापीठाला लेखी विचारा. पहिल्या वर्षी वर्ग कोणत्या पत्त्यावर भरतील, कारण इरादापत्र आणि आवार यात वेळ जातो. मूळ देशातून आलेले प्राध्यापक किती आणि किती काळ इथे राहतील. मूळ आवारात एखादं सत्र शिकता येईल का, आणि त्याचं विमानभाडं, व्हिसा, राहणं कोणाच्या खर्चाने. अशा एका सत्रावर ब्रिटनचा ग्रॅज्युएट व्हिसा मिळत नाही, हे मात्र विचारण्याआधीच धरून चाला.