ताडोबा तलाव

ताडोबा तलाव हा चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातील बारमाही जलाशय आहे. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मरण पावला व पुढे त्याचाच देव झाला, अशी गोंड समाजातील आख्यायिका असून ताडोबा हे नाव त्यावरूनच पडले. काठावरील मोठ्या झाडाखाली या देवाचे ठाणे आहे. तेथे पौष महिन्यात यात्रा भरत असे. मात्र १९५५ साली ११६.५५ चौ. किमी वनक्षेत्र राष्ट्रीय उद्यान झाले व पुढे भाविकांच्या वावरावर निर्बंध आले. दैवताचे हे स्थळ आता वाघासाठीच अधिक ओळखले जाते. पर्यटकांना मोहर्ली व अन्य प्रवेशद्वारांतून परवानगी घेऊन, वाटाड्यासह वाहनानेच जाता येते. पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असते. तलावात मगरींचा अधिवास आहे.