दिवा बाहेर ठेवावा की मालवावा?

इंग्रजीचे पहिले पुस्तक नुकतेच संपवलेल्या मुलास ‘पुट आउट द लॅम्प’ असे सांगावे आणि त्याने दिवा उचलून अंगणात नेऊन ठेवावा, यात हसण्यासारखे फारसे काही नाही. ‘पुट’ म्हणजे ठेवणे, ‘आउट’ म्हणजे बाहेर. कोशाच्या आधारे त्याने बिनचूकच अर्थ लावला. मालवण्याचा अर्थ त्या दोहोंपैकी एकाही शब्दाच्या पोटी सहजी सापडत नाही. आपल्या देवळात एखाद्या परभाषिक पाहुण्यास ‘नारळ वाढवा’ म्हटले, तर त्याचीही हीच गत व्हावयाची!

ही अडचण इंग्रज पंडितांना अज्ञात होती असे मात्र नव्हे. सॅम्युएल जॉन्सन याने १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत स्पष्ट म्हटले आहे की, क्रियापदापुढे एखादे अव्यय जोडून त्याचा अर्थ पालटण्याची रीत इंग्रजीत फार असून परकीयांस सर्वांत अधिक अडते ते तेथेच. परंतु त्यानंतरच्या व्याकरणांचा रोख निराळा होता. रॉबर्ट लौथ याचे व्याकरण १७६२ चे, लिंडले मरे याचे १७९५ चे. मरे याने आपला ग्रंथ यॉर्क येथील एका मुलींच्या शाळेकरिता रचला. त्या मुलींना शुद्ध इंग्रजी कसे लिहावे हे शिकवायचे होते. दिवा मालवण्यास काय म्हणतात हे त्या घरीच शिकून आल्या होत्या. हेच व्याकरण पुढे हिंदुस्थानातील मुलांच्या हाती पडले. त्यांनी नियम मुखोद्गत केले, आणि तरीही साहेबाचे साधे बोलणे उमगेना तेव्हा दोष आपल्याच बुद्धीला दिला. हा दोष त्यांचा नव्हता, असे आम्हांस वाटते.

वस्तुतः संस्कृत शिकलेल्यास या प्रकाराचे नवल वाटू नये. ‘हृ’ हा धातू एकच. पण आहार, विहार, संहार, परिहार यांत अर्थाचे केवढे अंतर! वेदांत तर उपसर्ग क्रियापदापासून सुटून दूरही उभा राहतो, जसा इंग्रजीत ‘पुट द लॅम्प आउट’ म्हणताना ‘आउट’ दूर जातो. आपल्याकडे उपसर्गांचा विचार पाणिनीपासून झाला. इंग्रजीत या रूपांना ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव छापून मिळाले ते १९२५ साली, लोगन पिअर्सल स्मिथ याच्या पुस्तकात.

परकीय विद्यार्थ्याची नड ओळखून कोश रचले गेले, तेही मुख्यतः परदेशी शिकवणाऱ्यांच्या हातून. मायकेल वेस्ट हा ढाक्यास शिक्षणखात्यात होता. १९३५ साली जेम्स एन्डिकॉट याच्यासह त्याने काढलेल्या कोशातील अर्थ अवघ्या १४९० शब्दांत सांगितले होते, म्हणजे अर्थ पाहावयास गेलेल्याने आणखी दहा शब्दांत गुरफटू नये. ए. एस. हॉर्नबी जपानात शिकवीत असे. त्याचा व त्याच्या दोघा सहकाऱ्यांचा कोश १९४२ साली तोक्योत निघाला, आणि १९४८ साली ऑक्सफर्डने तो पुन्हा छापला. क्रियापद वाक्यात कसे चालते, त्यापुढे काय येते, हे त्यात प्रत्येक क्रियापदाशी दाखविले होते.